गाठोड्यावरचा स्वयंपाक

दिवाळी उलटली की मावळात कापलेल्या भाताचा वास सुटतो. ओल्या पेंढ्याचा, वाळत आलेल्या चिखलाचा, आणि मधूनच आंबेमोहोराचा. तो आता फारसा कुणी लावत नाही, तरी कुठल्यातरी खाचरातून येतोच. परवा तिकोणा पेठेहून परतताना मी गाडीची काच खाली करायला लावली. चालवणारा म्हणाला, "मॅडम, धूळ येते." येऊ दे म्हटलं. सत्तरी ओलांडल्यावर माणसाने एखाद्या वासासाठी थोडी धूळ खायला हरकत नाही.

या वासाने इतरांना सुगी आठवते, खळं आठवतं, नव्या तांदळाचा मऊ भात आठवतो. मला ते सगळं आठवतंच, पण त्याच्या आधी आठवते ती भोकं पाडलेली कागदाची फीत. बोटभर रुंदीची, पिवळट, तेलकट. ती हातातून सरकताना भोकांच्या कडा बोटांना लागायच्या. त्या फितीवर आमचं सगळं लिखाण असायचं. लिखाण म्हणजे यंत्राला समजणारं. सत्तरच्या दशकाची अखेर होती, मी सव्वीस वर्षांची होते आणि लोणावळ्याच्या एका छोट्या कार्यालयात संगणकासाठी लिहिण्याची नोकरी करत होते. नात्यातल्या बायका आईला विचारायच्या, "शकू करती काय नक्की?" आई सांगायची, "टाइप करती." मी चिडायचे. आता वाटतं, तिने काय वाईट सांगितलं? टाइपच करत होते.

आमचं काम तलावांचं होतं. डोंगरातले तलाव एकाखाली एक असतात. वरचा भरला की त्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खाली. जोराचा पाऊस असताना कुठला दरवाजा आधी उघडायचा आणि कुठला थोपवून धरायचा, हे यंत्राने सांगावं अशी आमच्या साहेबांची कल्पना होती. साहेब म्हणजे पाटणकर. बारीक, उंच, कायम अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. त्यांनी त्यासाठी लिस्प नावाची भाषा निवडली होती. इतर भाषांत यंत्राला हुकूम सोडायचे असतात: हे कर, मग ते कर, हा आकडा पुसून तिथे दुसरा लिही. या भाषेत छोटी छोटी कृत्यं लिहायची. प्रत्येक कृत्याने काहीतरी घ्यायचं आणि काहीतरी द्यायचं, बस्स. तलावाला विचारलं, "तुझ्यात किती येणार?" की तो वरच्याला विचारणार, वरचा त्याच्या वरच्याला, आणि ज्याच्या वर कुणीच नाही तो पहिलं उत्तर देणार. मग ते उत्तर पायरी पायरीने खाली उतरत येणार. मी हे पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गणितात इतकं साधं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण नोकरी कच्ची होती. दर सहा महिन्यांनी कागद यायचा, अजून सहा महिने. त्या वर्षी कार्तिकात वेगळा कागद आला. तुमचं हे तलावांचं लिखाण फक्त तुमच्याच यंत्रावर चालतं की दुसरीकडेही, असं वरून विचारलं होतं. पुण्याच्या एका कचेरीत वेगळ्या बनावटीचं यंत्र आहे, तिथे ते चालवून दाखवा. चाललं तर राज्यातल्या आणखी जागी पाठवू. नाही चाललं तर वर्षअखेर विभाग बंद.

विभाग बंद म्हणजे लोणावळ्याची खोली बंद, आणि खोली बंद म्हणजे आई आणि मी पुन्हा वराळ्याला काकांकडे. वडील गेल्यावर आई चार वर्षं तिथे राहिली होती. मी पुण्यात शिकत होते, सुट्टीत जायचे. काकांनी आईला उपाशी ठेवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते. पण त्या घरात ती पाहुण्यासारखी बसायची. पाहुणा निदान जातो तरी. लोणावळ्याला आल्यावर पहिल्या दिवशी तिने स्टोव्ह पेटवला आणि तो नीट पेटलेला असतानाही उगाचच पिन मारत बसली. तिचा तो चेहरा मला ठाऊक होता. म्हणून त्या कागदाविषयी मी तिला सांगितलं तेव्हा एकच वाक्य सांगितलं, "पुण्याला चाललं तर राहू, नाही तर वराळं." ती "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

तशी मला काळजी नव्हती. खरं सांगायचं तर तोराच होता. लिस्पची खुबीच ही होती की खाली एक छोटासा गाभा असला म्हणजे झालं. यादीतलं पहिलं काढ, उरलेलं दे, दोन गोष्टी जोड, सारख्या आहेत का पाहा, अशी पाच-सहा मुळाक्षरं. तो गाभा ज्याच्या त्याच्या यंत्राच्या बोलीत त्याचा त्याने लिहायचा. पुण्यात तो होता. त्यावरचं बाकी सगळं आमच्या फितीवर. फीत जिथे जाईल तिथे सगळं घर बरोबर गेलं. मी पाटणकर साहेबांना म्हटलं, "सर, रोज चालतंय. यात दाखवायचं काय आहे?"

रोज चालत होतं ते खरंच. आणि का चालत होतं, हे लोणावळ्याच्या पावसाला माहीत होतं.

लोणावळ्यात पावसाचे चार महिने घरातल्या चपलांना हिरवी बुरशी येते. मीठ पाण्यात बसल्यासारखं होतं, काडेपेटी उशाखाली ठेवावी लागते. तिथे यंत्राचं काय होणार? आमचं यंत्र सांभाळायला शेलारभाऊ होते, कामशेतकडचे, चाळिशीचे, आधी एका कारखान्यात फिटर. ते यंत्राकडे गाभण म्हशीकडे पाहावं तसं पाहायचे. ज्येष्ठात ढग उतरले की त्यांचा फतवा निघायचा: आता दसऱ्यापर्यंत मशीन बंद करायचं नाही. चालू राहिलं की आतून ऊब राहते, ओल धरत नाही. यंत्र दोन कपाटांएवढं होतं, आणि शेलारभाऊंनी त्याच्या मागच्या झडपेत शंभर वॅटचा एक दिवासुद्धा लावून ठेवला होता. त्या वर्षी दसरा झाला, दिवाळी झाली, तरी रेंगाळलेला पाऊस अधूनमधून येत होता, म्हणून यंत्र चालूच होतं. ज्येष्ठात चढवलेली लिस्प कार्तिकात तशीच जागी होती. पाच महिन्यांत आम्ही तिला जे जे सांगितलं होतं ते सगळं तिच्या डोक्यात बसलेलं. त्यातलं कुठलं फितीवर उतरवलं आणि कुठलं नुसतं टंकून सोडून दिलं, याचा हिशोब कुणाकडेच नव्हता. आणि हिशोब नाही, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

पुण्याला जायच्या आधीच्या रविवारी आई आणि मी तिच्या माहेरी गेलो, तिकोणा पेठेला. मामांच्या खाचरात कापणी चालली होती. मी चार ओळी कापल्या, बोट कापून घेतलं आणि बांधावर बसले. कापणीला डोंगरावरच्या वाडीतली माणसं होती. त्यात हिरामावशी होती. आईच्या लहानपणापासूनची ओळख, दोघी एकमेकींना नावाने हाक मारायच्या. हिरामावशीचं कुटुंब दर वर्षी कापणी संपली की सहा महिने वीटभट्टीवर जायचं. त्या वर्षी मंगळवारी निघायचं होतं.

दुपारी आई मला हिरामावशीबरोबर तिच्या वाडीत घेऊन गेली, निरोप घ्यायला म्हणून. पाहते तर झोपडीचं दार बाहेरून दोरीने बांधलेलं आणि सगळी मंडळी अंगणात. तीन दगडांची चूल मांडलेली, शेजारी दोन मोठी गाठोडी सोडलेली.

मी विचारलं, "मावशी, निघालात पण?"

"न्हाई गं. मंगळवारी. आज गाठोड्यावं रांधायचं."

"म्हणजे?"

"म्हंजी भट्टीवं न्यायाचं त्येवढ्यातच सैपाक करायचा. दार बांदलंय. आत पाय टाकायचा न्हाई."

तिची सून भाकरी थापत होती. मग मिरच्या काढल्या, आणि एकदम उठून दाराकडे निघाली. हिरामावशी ओरडली, "थांब! आत न्हाई. काय आणाय चाललीस त्ये आदी सांग."

सून जागीच थांबली. जीभ चावली. "वरवंटा."

"बग," हिरामावशी माझ्याकडे वळून म्हणाली. "सकाळधरनं इचारती मी, सगळं घेतलं का, सगळं घेतलं का. हिचं आपलं व्हय, व्हय. घरात असलं का हात आपसूक कोनाड्यात जातोय. काय इसरलं त्ये घरात ऱ्हाऊन कसं कळंल?"

"मग आता आणू दे की तिला," आई म्हणाली.

"न्हाई. आज चटणीबिगर खायाचं समद्यांनी. म्हंजी ध्यानात ऱ्हातंय. तितं भट्टीवं कोन देतंय वरवंटा?"

सगळे हसले, सून पण. आणि आम्ही अंगणात बसून मीठ-भाकरी खाल्ली. मला चव कळली नाही. हात आपसूक कोनाड्यात जातो. मी त्या झोपडीच्या बांधलेल्या दाराकडे पाहत होते आणि मला दिसत होतं आमचं यंत्र, ज्येष्ठापासून जागं, सगळे कोनाडे भरलेलं. आम्ही रोज फीत घालून चालवून पाहायचो, ते घरात बसूनच. अंगणात कधी रांधलंच नव्हतं. येताना बैलगाडीत आईने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "भीती वाटतीय." तिने हात हातात घेतला, कशाची ते विचारलं नाही.

आजही कुणी मला म्हणालं की आमच्याकडे तर छान चालतंय, तर मला हसू येतं आणि थोडी दयाही येते. हल्ली एका बोटाच्या टिचकीने लिखाण जगभर जातं. पण ज्याचं त्याचं घर आणि ज्याचे त्याचे कोनाडे, हे काही बदललेलं नाही. माणसाला स्वतःच्या घरात काय आहे ते दिसत नाही. मला तर माझ्या माणसांच्या बाबतीतही ते फार उशिरा दिसलं.

सोमवारी सकाळी मी साहेबांना सांगितलं, "सर, यंत्र बंद करून पाहायला हवं. नुसता गाभा चढवायचा आणि फक्त आपली फीत."

पाटणकर साहेबांनी हातातली फीत खाली ठेवली. मग म्हणाले, "शकुंतलाबाई, बंद केलं की त्याच्या डोक्यातलं सगळं जाणार. फितीवर जे नाही ते कायमचं जाईल. तुम्हाला कळतंय ना, काय मागताय ते?"

"बंद न करताच आत काय काय आहे ते छापून घेता येईल का?"

"आपला गाभा तेवढा मोठा नाही. कृत्य चालवतो, परत वाचून दाखवत नाही."

शेलारभाऊ दारात उभे होते. "बाई, यंत्र थंड पडलं आन मंग उठलंच न्हाई तर? मी सांगून ठेवतो, माजी जबाबदारी न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "पुण्यात ते अडलं, तर तिथे दुरुस्त करायला आपल्याकडे काहीच नसेल. इथे अडलं, तर निदान आपण आहोत. बंद करा, शेलार."

पंख्यांची घरघर थांबली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर कुणीतरी लाकूड फोडत होतं ते ऐकू आलं. शेलारभाऊंनी दिव्याचीही वायर काढली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं कुणी मारलंय.

अर्ध्या तासाने यंत्र सुरू केलं. उठलं. गाभा चढला, फीत सरकली, आणि छापण्याच्या यंत्राने खटखट करत एक नाव छापलं. हे कृत्य मला ठाऊक नाही. ते टंकून दिलं, तर पुढचं. तेही ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत अकरा नावं झाली. यादी उलटी करणारं, दोन आकड्यांतला मोठा सांगणारं, अशी क्षुल्लक. पावसाळ्यात कधीतरी लागली म्हणून जागच्या जागी टंकलेली आणि विसरलेली. दहा मला येत होती. ती मी लिहिली, भोकं पाडून फितीवर उतरवली. दर वेळी नवी फीत झाली की साहेब म्हणायचे, "बंद करा. पहिल्यापासून." शेलारभाऊ तोंड वाकडं करून बंद करायचे. चौथ्या खेपेला मी काही बोलायच्या आत त्यांनीच खटका पाडला आणि म्हणाले, "आता आत पाय टाकायचा न्हाई, न्हवं?" मी जेवताना त्यांना हिरामावशीची गोष्ट सांगितली होती.

अकरावं मात्र गेलं होतं. एकाच वरच्या तलावाचं पाणी जिथे फुटून दोन खालच्या तलावांत जातं आणि पुढे पुन्हा एकत्र येतं, तिथे तेच पाणी दोनदा मोजलं जाऊ नये यासाठीचं ते कृत्य. मी ते श्रावणात एका दुपारी लिहिलं होतं, कागदावर न मांडता, थेट कळांवर, कारण सुचलं होतं आणि धीर नव्हता. लिहून झाल्यावर केवढी मिरवले होते मी. आता ते माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी कागद भरत होते आणि फाडत होते. शनिवारी पुण्याला जायचं होतं. घरी आई काही विचारत नव्हती, आणि तिचं न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जात होतं. बुधवारी संध्याकाळी मी तिच्यावर उगाचच ओरडले, भातात खडा लागला म्हणून. ती नुसती माझं ताट बदलायला उठली.

गुरुवारी सकाळी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन बसले. माझे सगळे कागद त्यांनी बाजूला सरकवले.

"लिस्प सोडा. पाणी काय करतं, ते सांगा."

मी चिडून सांगितलं, "पाणी काय करणार? खाली येतं. प्रत्येक तलाव आपल्या वरच्याचं नाव घेऊन येतो. दोघांनी एकच नाव आणलं, तर ते एकदाच धरायचं."

"हं," साहेब म्हणाले. "मग हेच लिहा."

मी लिहिलं. नावांची यादी करायची, सारखी नावं गाळायची, मग बेरीज. श्रावणातल्या माझ्या त्या करामतीपेक्षा निम्म्याने लहान झालं. आणि कुणालाही वाचता येईल असं. मला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे तेव्हा कळलं. यंत्र बंद केलं, सुरू केलं, फीत सरकली, आणि छापणाऱ्या यंत्राने दरवाजांची नावं ओळीने छापली. शेलारभाऊंनी झडपेतला दिवा पुन्हा लावला.

शनिवारी फीत बिस्किटाच्या डब्यात घालून निघाले. ओल धरू नये म्हणून आईने डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकली होती. एसटीत खिडकीशी बसले, डबा मांडीवर. वाटेत वराळ्याचा फाटा लागतो हे मला माहीत होतं, म्हणून मी तेवढा वेळ दुसऱ्या बाजूला पाहत बसले. शेतांत भाताचे भारे उभे होते.

साहेबांची एकच अट होती. "तुम्ही यंत्राच्या खोलीत जायचं नाही. डबा द्यायचा, सूचनांचा कागद द्यायचा, आणि बाहेर बसायचं. उद्या ही फीत लांबच्या गावी जाईल, तेव्हा तिच्याबरोबर तुम्ही जाणार आहात का?" तेव्हा ही अट मला दुष्टपणाची वाटली होती.

पुण्याच्या कचेरीत एका बाईंनी डबा घेतला. माझ्याच वयाच्या, केसात अबोलीचा गजरा. तांदळाची पुरचुंडी पाहून त्या हसल्या आणि आत गेल्या. दार बंद झालं. मी बाकावर बसले. अकरा नावं मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या बाहेर येऊन काय विचारतील, त्याला मी काय सांगेन, सगळं तयार होतं. एक तास झाला. कुणी तरी चहा आणून दिला, तो गार झाला. समोरच्या भिंतीवर एक नकाशा होता, त्यातल्या नद्या मी मोजल्या.

दार उघडलं. बाईंच्या हातात छापलेला कागद होता. "हे घ्या. दोनदा चालवलं, तेच आलं. फीत आम्ही ठेवून घेऊ का?"

"अडलं नाही कुठे?"

"नाही. का? अडायला हवं होतं?"

मी "नाही, नाही" म्हणाले आणि कागद हातात धरून उभी राहिले. दरवाजांची नावं, आपल्या लोणावळ्याच्या तलावांची, एका परक्या यंत्राने छापलेली, मी खोलीत नसताना. माझी कुणालाच गरज पडली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला याचा आनंद झाला. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले आणि रडले, चांगली भरपूर रडले. शिपाई विचारत होता, "ताई, काही गेलं का?" मी मान हलवत होते, की नाही, काही गेलं नाही.

सोमवारी साहेबांना फोन आला. आणखी सहा फिती मागितल्या होत्या आणि विभाग राहणार होता. पाटणकर साहेबांनी फोन ठेवला, स्वेटर काढला, घडी घातली आणि पुन्हा अंगात घातला. शेलारभाऊ पेढे आणायला धावले. मी मात्र थांबले नाही, दुपारीच घरी निघाले.

आई दारात तांदूळ पाखडत होती, मामांकडून आलेला नवा. मी म्हटलं, "आई, राहिलं. इथलं काम राहिलं."

तिने सूप खाली ठेवलं. "म्हंजी वराळ्याला न्हाई जायाचं?"

"नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

ती भिंतीला टेकून बसली. माझ्याकडे न पाहता तिने समोरच्या तांदळातून बोटं फिरवली. मग म्हणाली, "शकू, तितं चार वर्सं मी च्या मागून प्याले गं. रोज. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. पन रोज मागायला लागायचा."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. तिचा दुपारचा चहा तासाभरापूर्वीच झाला होता, तरी तिने पातेलं भरून टाकला.